हट्टी पिलाला स्वच्छतेची सवय

मैलापूर, मांबलम किंवा अड्यार यांसारख्या चेन्नईच्या जुन्या वस्त्यांतील अनेक घरांना एके काळी मागील दारी अंगण असे. तेथे विहीर असे, नारळाची दोन-चार झाडे असत आणि कुत्रा असलाच तर तोही तेथेच राही. त्याला घरात प्रवेश क्वचितच मिळे. त्यामुळे मलमूत्रविसर्जन कोठे करावे व कोठे करू नये हे त्याला शिकविण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. गेल्या काही दशकांत या घरांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. अंगण नाहीसे झाले, परंतु कुत्रा पाळण्याची हौस नाहीशी झाली नाही. ती फक्त आकाराने लहान झाली. दोन खोल्यांच्या सदनिकेत मावेल असा स्पिट्झ, डॅक्सहुंड, पग, शिह त्झू किंवा ल्हासा आप्सो आता घरोघरी दिसू लागला आहे. आपल्याकडे ज्याला सर्रास 'पॉमेरेनियन' म्हणतात तो कुत्रा बहुधा भारतीय स्पिट्झ असतो, हेही येथे सांगून ठेवावयास हवे.

असे पिलू घरी आले की पहिला आठवडा कौतुकात जातो. त्याने फरशीवर केलेले ओले कोणीतरी हसत पुसून टाकते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हसू मावळते. चटई भिजलेली असते, देवघराच्या उंबऱ्याशी घाण झालेली असते आणि दारापुढे नुकत्याच काढलेल्या कोलमवर, म्हणजे तांदळाच्या पिठीच्या रांगोळीवर, पिलाने बैठक मारल्यामुळे शेजारीण रागावलेली असते. पिलाला तासभर फिरवून आणले तरी ते बाहेर काहीच करीत नाही आणि घरात पाऊल टाकताच नेमक्या त्याच कोपऱ्यात जाऊन बसते. मग घरातील वडीलधारे निकाल देतात की, हे पिलू हट्टी आहे, याला काही शिकविता येणार नाही.

या निकालाचे परिणाम दूरगामी असतात. असे पिलू पुढे सज्जात बांधून ठेवले जाते, एका घरातून दुसऱ्या घरी धाडले जाते, नाही तर एखाद्या रात्री दूरच्या रस्त्यावर सोडून दिले जाते. घरात वाढलेल्या लहान जातीच्या कुत्र्याला रस्त्यावर अन्न मिळविता येत नाही आणि तेथील कुत्र्यांच्या टोळ्या त्याला आपल्यात घेत नाहीत. म्हणजे एका साध्या सवयीच्या अभावी त्याचा जीवही जाऊ शकतो. म्हणूनच या सवयीचा विचार शास्त्रीय दृष्टीने करणे अगत्याचे आहे.

हट्टाचे मूळ

ज्याला आपण हट्ट म्हणतो तो पुष्कळदा त्या जातीचा मूळ स्वभाव असतो. माणसाने निरनिराळ्या जाती निरनिराळ्या कामांसाठी घडविल्या. मेंढपाळाचा कुत्रा धन्याच्या इशाऱ्याकडे सतत लक्ष ठेवणारा असावा लागे, म्हणून तशा कुत्र्यांची निवड होत गेली. डॅक्सहुंडची गोष्ट वेगळी होती. जर्मनीत 'बॅजर' नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या शिकारीसाठी ही जात तयार झाली आणि तिचे नावही त्यावरूनच पडले. अंधाऱ्या बिळात एकट्याने शिरल्यावर या कुत्र्याला धनी दिसत नसे व त्याची हाक ऐकू येत नसे. पुढे जावे की मागे यावे हे त्याचे त्यालाच ठरवावे लागे. टेरियर जातीही अशाच प्रकारे उंदीर, कोल्हे यांच्या मागावर जाण्यासाठी निपजविल्या गेल्या. ल्हासा आप्सो हा तिबेटातील मठांत व घरांत आतल्या बाजूला राहून परक्याची चाहूल देणारा कुत्रा. पग तर चीनच्या राजदरबारात केवळ सोबतीसाठी बाळगला जाई. यांपैकी कोणालाही आज्ञाधारकपणासाठी मुद्दाम निवडलेले नव्हते. अशा कुत्र्याला शिकविता येत नाही असा याचा अर्थ नव्हे. धन्याला खूश करणे एवढ्यावर तो समाधानी नसतो, त्या कृतीत स्वतःचा लाभ त्याला दिसावा लागतो, इतकाच याचा अर्थ आहे.

दुसरे कारण शरीररचनेत आहे. लहान कुत्र्याचे मूत्राशय लहान असते. शिवाय शरीराच्या वजनाच्या मानाने त्याचा चयापचय जलद चालतो, म्हणून त्याला खाण्यापिण्याची व विसर्जनाची गरज अधिक वेळा लागते. पिलाला जितके महिने झाले असतील त्यात एक मिळवावा आणि तितके तास ते जागेपणी फार तर धीर धरू शकेल, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. दोन महिन्यांच्या पिलाच्या बाबतीत ही मर्यादा तीन तासांची ठरते. मात्र लहान जातीचे पिलू खेळत असताना तासाभरातही ओले करू शकते.

तिसरे कारण माणसाच्या बाजूचे आहे. मोठ्या कुत्र्याने घरात केलेली घाण दुर्लक्षिता येत नाही, पण लहान कुत्र्याने टाकलेला चमचाभर ओलावा पायपुसण्याने टिपून विसरला जातो. याप्रमाणे चूक दिवसातून चार वेळा घडते व तिची दखल एकदाच घेतली जाते. लहान कुत्र्यांचे शिक्षण अपुरे राहते ते काही अंशी यामुळेच.

निसर्गाने दिलेली तयारी

स्वच्छतेची जाण पिलाला मुळातूनच असते. जन्मल्यानंतर पहिले दोन-तीन आठवडे पिलू आपण होऊन मलमूत्र विसर्जित करीत नाही. आई त्याला चाटते, तेव्हा ती क्रिया घडते आणि आईच ती जागा स्वच्छ ठेवते. चालता येऊ लागले की पिलू झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन विसर्जन करू लागते. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत पाच जातींच्या कुत्र्यांचे दीर्घकाळ निरीक्षण केले व त्याचे निष्कर्ष १९६५ साली ग्रंथरूपाने मांडले. आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास पिले विसर्जनासाठी ठराविक जागा निवडू लागतात, असे त्यांना आढळले. याच काळात पायांखाली गवत आहे, माती आहे, कागद आहे की गुळगुळीत फरशी आहे याचीही आवड पक्की होऊ लागते. जी जागा व जो पृष्ठभाग या वयात अंगवळणी पडेल तोच पुढे पिलाला योग्य वाटतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जे पिलू दुकानातील अरुंद पिंजऱ्यात वाढले, ज्याला झोपण्याच्या जागीच विसर्जन करणे भाग पडले, त्याची ही उपजत जाण बोथट होते. असे पिलू शिकते, परंतु त्याला वेळ अधिक लागतो. पिलू घेताना ते कोठे व कसे वाढले हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. श्वानपैदास व विक्रीसंबंधी २०१७ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिलाची विक्री करता येत नाही. त्याआधी आईपासून तोडलेले पिलू स्वच्छतेचे हे पहिले धडे गमावून बसते.

चेन्नईतील अडचणी

कुत्र्यांविषयीची बरीचशी पुस्तके थंड हवेच्या देशांत लिहिली गेली आहेत. त्यांतील सल्ला चेन्नईत जसाच्या तसा लागू करणे धोक्याचे ठरते. संध्याकाळनंतर पाण्याचे भांडे उचलून ठेवावे, म्हणजे रात्री पिलू ओले करणार नाही, असे त्यांपैकी काहींत सांगितलेले असते. चेन्नईच्या उन्हाळ्यात, विशेषतः मे महिन्यातील 'अग्निनक्षत्रम्' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दिवसांत, पारा कधी कधी चाळीस अंशांच्या वर जातो आणि हवेतील दमटपणामुळे रात्रही थंड होत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तो शरीराची उष्णता कमी करतो व त्यात पाणी खर्च होते. अशा वेळी पाणी तोडणे म्हणजे पिलाच्या जिवाशी खेळणे होय. पाणी सदैव उपलब्ध असावे आणि रात्री एकदा उठण्याचा त्रास माणसाने सोसावा, हेच योग्य. पिलाला बंद पेटीत किंवा पिंजऱ्यात ठेवण्याची पद्धतही येथे जपून वापरावी लागते. वारा खेळता नसेल तर ती पेटी भट्टी बनते. त्यापेक्षा पंख्याखालील एक कोपरा लहान कठड्याने अडवून घेणे बरे.

दुसरी अडचण रोगांची आहे. शिक्षणासाठी पिलाला बाहेर न्यावयास हवे. परंतु लसीकरण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, त्याला भटक्या कुत्र्यांचा वावर असलेल्या रस्त्यावर सोडणे सुरक्षित नसते. पार्व्हो हा विषाणुजन्य रोग १९७८ साली ओळखला गेला आणि अल्पावधीत जगभर पसरला. भारतातील त्याच्या आरंभीच्या नोंदी मद्रासमधीलच आहेत. या रोगाचा विषाणू विष्ठेतून पसरतो व जमिनीत कित्येक महिने टिकून राहतो. लहान पिलू रक्ताच्या हगवणीने दोन-तीन दिवसांत दगावू शकते. पावसाळ्यात आणखी एका रोगाची भर पडते. चेन्नईला निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो. तेव्हा साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू मिसळतात. हा रोग कुत्र्यांना होतो व त्यांच्या मूत्रातून माणसांनाही होऊ शकतो.

या पेचातून मार्ग काढण्यास चेन्नईची घरेच साहाय्य करतात. बहुतेक इमारतींना मोकळी गच्ची असते. तमिळमध्ये तिला 'मोट्टै माडी' म्हणतात. शेजाऱ्यांची संमती असेल तर गच्चीचा एक कोपरा, नाही तर स्वतःच्या सज्जातील जागा, पहिल्या दोन महिन्यांसाठी ठरवून घ्यावी. तेथे एका पसरट तबकात माती घालून गवत लावावे किंवा गवताची लादी ठेवावी. कागदाऐवजी गवत वापरण्यात दूरदृष्टी आहे. पिलाला गवताची सवय झाली की पुढे उद्यानाच्या कडेचे गवतही त्याला तितकेच ओळखीचे वाटते. कागदावर शिकलेले पिलू मात्र जमिनीवर पडलेल्या प्रत्येक वर्तमानपत्राला आपलेच समजते.

शिक्षणाची पद्धती

पद्धतीची सूत्रे चार आहेत : ठराविक जागा, ठराविक वेळ, ठराविक शब्द आणि तात्काळ बक्षीस.

जागा एकदा ठरली की बदलू नये. पहिल्या दिवशी पिलाचे ओले टिपलेला कापसाचा बोळा त्या गवतावर ठेवावा. वासाने त्याला जागेची खूण पटते. घरातील इतर भागांत पिलाला मोकळे सोडू नये. चटया गुंडाळून ठेवाव्यात, कारण कोरै गवताच्या चटईचा स्पर्श पिलाला गवतासारखाच वाटू शकतो. पिलू जागे असेल तेव्हा ते कोणाच्या तरी नजरेसमोर असावे. जेव्हा कोणालाच लक्ष देता येणार नसेल तेव्हा ते अडविलेल्या कोपऱ्यात असावे. तिसरा पर्याय असता कामा नये.

वेळा पिलाच्या शरीरधर्मावरून ठरतात. झोपेतून उठताच, खाणे झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांच्या आत, पाणी पिल्यावर, खेळ थांबल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी त्याला ठरल्या जागी न्यावे. पोटात अन्न पडले की आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून जेवणाच्या वेळा नियमित असतील तर विसर्जनाच्या वेळाही नियमित होतात. लहान जातीच्या पिलाला दिवसातून तीन-चार वेळा खाऊ घालावे लागते. उपाशी ठेवल्यास त्याच्या रक्तातील साखर धोकादायक प्रमाणात उतरू शकते. घाण कमी व्हावी म्हणून अन्न कमी करणे, हा म्हणूनच घातक उपाय आहे. गाईचे दूध पुष्कळ पिलांना पचत नाही व त्याने जुलाब होतात. नुसता दहीभातही वाढत्या पिलाला पुरेसा नाही. आहार एकाएकी बदलू नये, कारण बिघडलेल्या पोटाला कोणतीही शिस्त लावता येत नाही.

शब्द एकच असावा. चेन्नईतील एखाद्या मराठी कुटुंबात आजी पिलाशी मराठीत बोलते, मुले इंग्रजीत आणि कामाला येणारी बाई तमिळमध्ये. आजीचे 'नको', मुलांचे 'नो' आणि बाईचे 'वेंडाम्' यांचा अर्थ एकच आहे हे पिलाला कळण्याचे काही कारण नाही. घरातील सर्वांनी मिळून एक लहान शब्द निवडावा आणि पिलू विसर्जनास बसले असताना तो शांतपणे उच्चारावा. काही आठवड्यांनी त्या शब्दानेच क्रियेची आठवण होते.

बक्षीस मात्र अचूक वेळी दिले पाहिजे. ज्या कृतीमागून समाधान मिळते ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांजरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. पिलाच्या बाबतीत कृती व समाधान यांच्यातील अंतर एक-दोन क्षणांहून अधिक नसावे. पिलू आटोपून उठताच तेथल्या तेथे त्याला खाऊचा लहानसा तुकडा द्यावा. घरात परतल्यावर दिलेला तुकडा 'घरात आल्याबद्दल' आहे अशी त्याची समजूत होते. आणखी एक चूक सर्रास घडते. पिलाने विसर्जन करताच त्याला लगबगीने घरात नेले जाते. बाहेरची मौज त्यासरशी संपते हे बुद्धिमान पिलाच्या ध्यानात येते आणि ते विसर्जन लांबवू लागते. यासाठी आधी विसर्जन, मग बक्षीस, मग थोडा खेळ वा फेरफटका, असा क्रम ठेवावा. स्वतंत्र वृत्तीच्या पिलाला लाभ दिसावा लागतो असे वर म्हटले आहे, तो लाभ हाच होय.

लसीकरणानंतर गवताचे तबक हळूहळू दाराकडे सरकवावे व शेवटी पिलाला खाली न्यावे. उन्हाळ्यात ही फेरी सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर काही वेळाने करावी. रस्त्याचे डांबर संध्याकाळीही तापलेले असते व त्याने पिलाचे तळवे भाजतात. तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर टेकवून पाहावी. ती टेकवत नसेल तर पिलालाही चालवू नये. विष्ठा कागदात वा पिशवीत उचलून घेणे हे शिक्षण माणसाने स्वतःला द्यावयाचे आहे.

शिक्षेचे दुष्परिणाम

पिलाचे नाक घाणीत घासावे, त्याला वर्तमानपत्राच्या गुंडाळीने मारावे, असा उपदेश आजही ऐकू येतो. या उपायांनी पिलू नक्कीच काहीतरी शिकते, पण जे शिकवावयाचे असते ते नव्हे. 'घरात करू नये' असा बोध त्याला होत नाही. 'माणसासमोर करू नये' एवढेच त्याला समजते. मग ते पलंगाखाली किंवा कपाटामागे जाऊ लागते आणि साखळी धरून माणूस शेजारी उभा असेल तर बाहेर तासभर काहीच करीत नाही. आरंभी ज्याचा उल्लेख केला ते 'हट्टी' पिलू पुष्कळदा असे तयार झालेले असते. त्याचा हट्ट म्हणजे वस्तुतः भीती असते.

घाण दिसताच पिलू मान खाली घालते, कान पाडते, त्या अर्थी त्याला आपला अपराध समजतो, असा युक्तिवाद केला जातो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ही समजूत तपासून पाहिली. कुत्र्याने खरोखर चूक केली होती की नाही यावर तो अपराधी चेहरा अवलंबून नव्हता. धनी रागावला की निरपराध कुत्राही तोच चेहरा करी. पिलाचा अपराधी चेहरा हा आपल्या रागाचा आरसा असतो.

पिलू घरात विसर्जन करताना प्रत्यक्ष दिसले तर टाळी वाजवून त्याला थांबवावे, उचलून ठरल्या जागी न्यावे आणि तेथे उरलेले आटोपले की शाबासकी द्यावी. घाण नंतर दिसली तर काही न बोलता पुसून टाकावी. ती चूक पिलाची नसते, लक्ष न ठेवणाऱ्याची असते.

पुसणेही शास्त्रशुद्ध असावे. फिनाइलच्या उग्र वासाने माणसाच्या नाकाची फसवणूक होते, पण कित्येक पटींनी तीक्ष्ण असलेल्या कुत्र्याच्या नाकाची होत नाही. शिवाय फिनाइल चाटल्यास पिलाला अपाय होतो. अमोनियायुक्त द्रव तर टाळावेतच, कारण मूत्रासारखा वास पिलाला पुन्हा तेथेच बोलावतो. मूत्रातील घटकांचे विघटन करणारी विकरयुक्त द्रावणे बाजारात मिळतात, ती यासाठी उत्तम.

शिक्षण अपुरे की आजार?

सर्व नियम पाळूनही प्रगती होत नसेल तर पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. मूत्रमार्गाचा संसर्ग, जंत किंवा पोटाचे विकार असलेले पिलू कितीही शिकविले तरी धीर धरू शकत नाही. वारंवार थेंब-थेंब लघवी होणे, लघवीत रक्त दिसणे, एकाएकी तहान वाढणे ही लक्षणे आजाराची आहेत. चेन्नईच्या वेपेरी भागात १९०३ साली स्थापन झालेले मद्रास पशुवैद्यक महाविद्यालय आहे व तेथील रुग्णालयात पाळीव प्राण्यांवर उपचार होतात. पाहुणे आले असता आनंदाने किंवा भीतीने पिलाकडून ओले होणे, हा आजारही नव्हे व हट्टही नव्हे. वयाबरोबर ते बहुधा थांबते. सहा महिन्यांनंतर नर पाय वर करून थोडेथोडे मूत्र टाकू लागला तर ती हद्द आखण्याची वृत्ती होय आणि निर्बीजीकरणाने ती पुष्कळ अंशी कमी होते.

शिकलेले पिलूही अधूनमधून मागे जाते. दीपावलीच्या फटाक्यांनी घाबरल्यावर ते कित्येक दिवस बाहेर पाय टाकीत नाही. पावसाच्या सरीत भिजणे बऱ्याच लहान कुत्र्यांना आवडत नाही. अशा वेळी सज्जातील गवताचे तबक पुन्हा मांडावे. लहान जातीच्या पिलाचे शिक्षण चार-सहा महिन्यांत बऱ्यापैकी होते, पण त्यावर पूर्ण विसंबण्यास वर्षही लागू शकते. हे आधीच ठाऊक असले म्हणजे निराशा पदरी येत नाही.

ज्या नगरात हा सर्व विचार चालला आहे, त्या नगराचा प्राणिदयेच्या कार्याशी जुना संबंध आहे. कलाक्षेत्राच्या संस्थापिका रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक मांडले व त्यांच्या प्रयत्नांतून पुढे १९६०चा कायदा अस्तित्वात आला. त्या कायद्यानुसार उपासमार वा तहान यांनी प्राण्याचे हाल होतील अशा स्थितीत त्याला सबळ कारणाविना सोडून देणे हा गुन्हा आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत्या आणि २०१८पर्यंत या मंडळाचे मुख्यालय चेन्नईतच होते. १९६४ साली कॅप्टन व्ही. सुंदरम् यांनी स्थापन केलेली 'ब्लू क्रॉस' ही संस्था याच नगरात निराधार प्राण्यांचा सांभाळ करीत आली आहे.

परंतु कायदा आणि संस्था यांचे काम पिलू रस्त्यावर आल्यानंतर सुरू होते. ते तेथे येऊच नये ही जबाबदारी घरातील माणसांची आहे. पहाटे दूधवाला येण्यापूर्वी उठून पेंगुळलेल्या पिलाला गच्चीवर नेणे, ते बसेपर्यंत थांबणे आणि योग्य क्षणी त्याच्या तोंडात खाऊचा तुकडा घालणे, एवढेच हे काम आहे. ते रोज, न चुकता, काही महिने करावे लागते. ज्याला हट्टी म्हणून हिणविले जाते त्या पिलापेक्षा माणसाने थोडे अधिक चिकाटीचे व्हावे, म्हणजे पिलू शिकते.